बांधलेलं डुक्कर ते ७२ खोट्या कबरी: चीनची ‘तीन राज्यांची कथा’ सोप्या भाषेत

ही कादंबरी हातात घेतली की पहिली अडचण येते ती नावांची. हजाराच्या वर पात्रं, १२० प्रकरणं, आणि निम्म्या लोकांची नावं आपल्या कानाला सारखीच लागतात, त्यामुळे वाचणारा लढायांच्या गर्दीत हरवतो आणि शेवटी म्हणतो की राजेलोक आपसात भांडतात, अजून काय. मला मात्र हे पुस्तक लढायांचं वाटतच नाही. लढाया आहेत, भरपूर आहेत, पण खरी गोष्ट घडते ती लढाईच्या आदल्या रात्री तंबूत, किंवा हरून परत येताना, जेव्हा हातात सत्ता असलेला माणूस आतून घाबरलेला असतो आणि त्या भीतीत तो समोरच्याशी कसा वागतो ते आपल्याला जवळून दिसतं. सत्तेच्या मागे माणूस हावेपोटी धावतो असं आपण सरसकट बोलून जातो. इथे नीट बघितलं तर हाव कमी आणि भीती जास्त सापडते. मला एवढंच सांगायचंय, पण त्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

चीनमध्ये हान घराण्याचं राज्य जवळजवळ चारशे वर्षं चाललं. इसवी सन १८४ मध्ये डोक्याला पिवळं फडकं बांधून शेतकऱ्यांनी बंड केलं, ते मोडायला ठिकठिकाणच्या सरदारांनी फौजा उभ्या केल्या, बंड मोडलं पण फौजा काही घरी गेल्या नाहीत. १८९ मध्ये डोंग झुओ नावाचा एक सेनापती राजधानीत घुसला, त्याने गादीवरच्या सम्राटाला खाली ओढलं आणि त्याच्या धाकट्या भावाला वर बसवलं. तो मुलगा त्याआधी ‘चेनल्यूचा राजा’ म्हणून ओळखला जायचा, इतिहासात त्याचं नाव सम्राट श्यान. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. त्यानंतर तीस वर्षं सम्राट फक्त नावाला, सम्राट ज्याच्या ताब्यात कारभार त्याचा. या सगळ्या मारामारीतून तीन राज्यं उरली. उत्तरेत वेई, ते त्साओ त्साओने उभं केलं. नैर्ऋत्येला शू, ते ल्यू बेईचं. आणि आग्नेयेला वू, तिथे सुन च्वान. २८० मध्ये सगळा देश परत एक झाला, पण तो या तिघांपैकी कुणाच्याच घराण्याने केला नाही.

कादंबरी या घटनांनंतर हजारेक वर्षांनी आली. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंग यांच्या नावावर ती सांगितली जाते, हाती असलेली सगळ्यात जुनी छापील आवृत्ती १५२२ ची आहे, आणि आज लोक जी वाचतात ती सतराव्या शतकात माओ लुन आणि माओ झोंगगांग या बापलेकांनी हात फिरवलेली. सुरुवातीचं ते गाजलेलं वाक्य, की फार काळ फुटलेलं राज्य जुळणारच आणि फार काळ जुळलेलं फुटणारच, ते पण या बापलेकांनीच घातलं. बरेच लोक या वाक्यालाच कादंबरीचं सार मानतात. माझ्या मते ते फक्त दार आहे, आत शिरल्यावर राज्यांपेक्षा माणसं कशी फुटतात हेच जास्त दिसतं.

आता चौथ्या प्रकरणात या. त्साओ त्साओ अजून कुणीच नाहीये. त्याने डोंग झुओला मारायचा प्रयत्न केला, फसला, आणि आता सगळीकडे त्याचं चित्र लावून शोध चाललाय. वाटेत छन गोंग नावाचा एक तालुक्याचा अधिकारी त्याला पकडतो, पण या माणसात काहीतरी मोठं आहे असं वाटून त्याला सोडतो, नुसता सोडत नाही तर स्वतःची नोकरी टाकून त्याच्याबरोबर निघतो. रात्री दोघं लू बोशे नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी येतात. म्हातारा त्साओ त्साओच्या वडिलांचा मानलेला भाऊ, म्हणजे घरचाच माणूस. तो म्हणतो घरात चांगली दारू नाही, शेजारच्या गावातून घेऊन येतो, आणि गाढवावर बसून जातो. थोड्या वेळाने मागच्या बाजूने सुऱ्या पाजळल्याचा आवाज येतो. कुणीतरी म्हणतंय, बांधून मारूया, कसं? त्साओ त्साओला वाटतं की झालं, आपल्याला धरून द्यायचा बेत आहे, आणि दोघं तलवारी काढून आत घुसतात आणि बायकापुरुष न बघता आठ जणांना कापतात. मग स्वयंपाकघरात बघतात तर तिथे एक डुक्कर बांधून ठेवलंय. पाहुण्यांच्या जेवणासाठी.

इथपर्यंत ही चूक आहे, भयंकर चूक पण चूक. जिवावर बेतलेला माणूस, अंधार, सुऱ्यांचा आवाज, आपण त्याच्या जागी असतो तर शांत बसलो असतो असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल असं मला वाटत नाही. पण पुढे जे होतं त्याच्यासाठी हा सीन आहे. दोघं पळतात, वाटेत म्हातारा समोरून येतो, गाढवावर दारूच्या दोन सुरया लटकवलेल्या, हातात भाजीफळं, आणि तो म्हणतो अरे निघालात कुठे, मी डुक्कर कापायला सांगून आलोय. त्साओ त्साओ त्याला ओलांडून पुढे जातो, मग घोडा वळवतो, परत येतो, म्हणतो ते मागून कोण येतंय बघा, म्हातारा मान वळवतो आणि त्साओ त्साओ त्याला मारतो. छन गोंग हादरतो. मघाशी गैरसमज होता, आता तर माहीत असून मारलंस. त्यावर त्साओ त्साओचं ते उत्तर, जे चीनमध्ये आजही लोकांना तोंडपाठ आहे: मी जगाशी वाईट वागलो तरी चालेल, जगाने माझ्याशी वाईट वागता कामा नये.

या वाक्याचा एक इतिहास आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘तीन राज्यांच्या नोंदी’ नावाचा खरा इतिहास तिसऱ्या शतकात छन शोऊने लिहिला, त्याच्यावर ४२९ मध्ये पेई सोंगझी या अभ्यासकाने टिपा पूर्ण केल्या, आणि या घटनेच्या त्याने तीन वेगवेगळ्या हकीकती शेजारी शेजारी ठेवल्यात. एकीत बोशेची मुलंच त्साओ त्साओला लुटायला उठली आणि त्याने बचावासाठी मारलं. दुसरीत त्याने नुसत्या संशयावरून मारलं. तिसरीत भांड्यांचा आवाज ऐकून मारलं आणि मग कळल्यावर खिन्न होऊन तो म्हणाला की मी दुसऱ्यांशी वाईट वागलो तरी चालेल, दुसऱ्यांनी माझ्याशी नको. तिन्हीमध्ये म्हातारा रस्त्यात भेटत नाही. कादंबरीकाराने तिसरी हकीकत उचलली, खिन्नपणा काढून टाकला, ‘दुसरे’ या शब्दाचं ‘सगळं जग’ केलं आणि गाढवावरचा म्हातारा घातला. इतिहासाच्या दृष्टीने त्साओ त्साओवर अन्यायच झाला असं म्हणता येईल. पण कादंबरी म्हणून बघा, त्याला हे दाखवायचं होतं की पहिला खून भीतीने होतो आणि दुसरा खून पहिला लपवण्यासाठी होतो, आणि दुसऱ्याच्या वेळी माणूस स्वतःला एक तत्त्वज्ञान शिवून देतो म्हणजे रात्री झोप लागेल.

झोपेवरून आठवलं, त्याच रात्री त्साओ त्साओ शांत झोपतो आणि छन गोंग तलवार हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसतो. मारू का? मग म्हणतो मी देशासाठी याच्यामागे आलो, आता यालाच मारणं बरोबर नाही, आणि एकटाच निघून जातो.

हा झाला एक त्साओ त्साओ. पण कादंबरी जर एवढंच सांगून थांबली असती, की हा दुष्ट आणि बाकीचे चांगले, तर ती इतकी शतकं कुणी वाचली नसती. कारण तिसाव्या प्रकरणात हाच माणूस असं काही करतो की आपल्याला त्याच्यावर विश्वास टाकावासा वाटतो.

वर्ष २००, जागा ग्वानदू. समोर युआन शाओ, त्या काळातला सगळ्यात बडा सरदार, चार पिढ्या वरच्या पदांवर असलेलं घराणं. कादंबरीत त्याची फौज सात लाख आणि त्साओ त्साओची सत्तर हजार. आकडे फुगवलेले आहेत हे उघड आहे पण फरक किती होता ते कळतं. त्साओ त्साओकडचं धान्य संपत आलंय. आणि तेवढ्यात रात्री युआन शाओचा सल्लागार शू यो पक्ष बदलून त्याच्या छावणीत येतो, हा त्साओ त्साओचा लहानपणचा मित्र. त्साओ त्साओ कपडे काढून आडवा झालेला असतो, बातमी कळताच तसाच अनवाणी पळत बाहेर येतो. शू यो विचारतो, धान्य किती आहे? वर्षभराचं. खरं सांग. सहा महिन्यांचं. शू यो उठून निघायला लागतो. बरं, तीन महिन्यांचं. शू यो हसतो. मग त्साओ त्साओ त्याच्या कानात कुजबुजतो की या महिन्यापुरतं आहे. आणि शू यो मोठ्याने म्हणतो, बास कर, धान्य संपलंय, आणि खिशातून त्साओ त्साओने धान्य मागायला लिहिलेलं पत्रच काढून दाखवतो, जे वाटेत पकडलं गेलं होतं. मला हा संवाद प्रचंड आवडतो. जो माणूस मदतीला आलाय, ज्याला भेटायला आपण अनवाणी धावलो, त्यालाही खरं सांगायला जीभ वळत नाही, चार वेळा विचारूनही वळत नाही. प्रेम खरं आहे आणि संशयही खरा आहे, दोन्ही एकाच माणसात एकाच मिनिटाला.

शू योच्या सांगण्यावरून त्साओ त्साओ वूचाओला असलेलं युआन शाओचं धान्यकोठार जाळतो आणि लढाई फिरते. युआन शाओ पळतो. त्याच्या छावणीत कागदपत्रांचा ढीग सापडतो, आणि त्यात पत्रं असतात, त्साओ त्साओच्याच लोकांनी युआन शाओला गुपचूप लिहिलेली, की तुम्ही जिंकलात तर आमच्याकडे लक्ष असू द्या. बाजूचे म्हणतात एकेकाचं नाव बघून उडवा. त्साओ त्साओ म्हणतो, युआन शाओ इतका ताकदवान होता की मी स्वतः टिकेन की नाही मला माहीत नव्हतं, मग बाकीच्यांचं काय, आणि सगळी पत्रं न वाचता जाळून टाकतो.

कृपया एक मिनिट इथे थांबा. ज्याने सुऱ्यांच्या आवाजावरून आठ माणसं मारली, तोच इथे लेखी पुरावा हातात असून बघत नाही. काय बदललं? मला वाटतं तो चांगला झाला वगैरे काही नाही. त्या घरात त्याने स्वतःची भीती ऐकली होती, इथे त्याला दुसऱ्याची भीती कळली, आणि कळली कारण तीच भीती त्याने स्वतः भोगलेली होती. यात हुशारी पण आहेच, नावं वाचली असती तर निम्मी छावणी रिकामी करावी लागली असती, आणि नंतर उरलेले निम्मे रोज तलवारीच्या धाकात जगले असते.

आणि याच वेळी समोरच्या बाजूला काय चाललंय बघा, कारण लेखकाने हे मुद्दाम जवळजवळ ठेवलंय. युआन शाओकडे त्यान फंग नावाचा सल्लागार होता. त्साओ त्साओ दुसरीकडे लढायला गेला होता तेव्हा त्यान फंग म्हणाला की हीच संधी, मागून हल्ला करा, तर युआन शाओ म्हणाला माझा धाकटा मुलगा आजारी आहे, अंगावर खरूज आलीय, मला काही सुचत नाही. त्यान फंगने काठी जमिनीवर आपटली. पुढे युआन शाओ चुकीच्या वेळी चढाई करायला निघाला तेव्हा त्यान फंगने विरोध केला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. आता पराभवाची बातमी येते आणि तुरुंगाचा शिपाई खूश होऊन सांगतो की साहेब अभिनंदन, तुमचंच खरं ठरलं, आता तुमचा मान वाढणार. त्यान फंग हसतो. तो म्हणतो, मी आता मेलो. ते जिंकले असते तर आनंदाच्या भरात मला सोडलं असतं, हरलेत म्हणजे त्यांना माझ्यासमोर यायची लाज वाटणार. आणि तसंच होतं, मारायचा हुकूम पोचतो आणि त्यान फंग तुरुंगातच स्वतःचा जीव घेतो.

युआन शाओ क्रूर नव्हता. मुलाच्या खरजेने ज्याचं लढाईतलं लक्ष उडतं तो माणूस मनाने कोरडा कसा असेल? त्याची भीती वेगळ्या जातीची होती, जीव जायची नाही, तोंड दाखवायची. ज्याने आपल्याला आधीच सांगितलं होतं त्या माणसाच्या डोळ्यात बघायची भीती. ऑफिस असो, घर असो, कुठलाही छोटा गट असो, जिथे कुणीतरी वर आहे आणि कुणीतरी खाली आहे तिथे ही भीती असतेच, आणि माझ्या मते तलवारीच्या भीतीपेक्षा हिच्यामुळे जास्त नुकसान होतं, कारण ही कुणाला सांगता येत नाही.

याच्या बरोबर उलटा प्रसंग कादंबरीत आहे, ३३ व्या प्रकरणात. त्साओ त्साओ उत्तरेच्या मोहिमेवर जातो, बऱ्याच जणांनी नको म्हणून सांगितलेलं असतं, तो जिंकून परत येतो, आणि ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांना बक्षिसं देतो. म्हणतो मी धोका पत्करला, नशिबाने वाचलो, तुमचा सल्लाच बरोबर होता, पुढेही बोलायला कचरू नका. एक जण हरल्यावर बरोबर बोलणाऱ्याला मारतो, एक जण जिंकल्यावर चुकीच्या ठरलेल्यांना बक्षीस देतो.

पण थांबा, त्साओ त्साओच्या प्रेमात पडायची घाई नको. याच्या आधीच, १७ व्या प्रकरणात, एका वेढ्यात धान्य कमी पडतं. तो कोठारावरच्या वांग हौला सांगतो की लहान मापाने वाटप कर. सैनिक कुरकुरतात. तो वांग हौला बोलावतो आणि म्हणतो मला तुझी एक वस्तू उसनी हवीय, सैन्य शांत करायला. कुठली? तुझं डोकं. वांग हौ म्हणतो माझा गुन्हा काय? त्साओ त्साओ म्हणतो मला माहितीये तुझा गुन्हा नाही, पण तुला मारलं नाही तर सैन्य बिथरेल, तुझ्या बायकामुलांचं मी बघेन. आणि डोकं बांबूला टांगून पाटी लावली जाते की याने लहान माप वापरून धान्य चोरलं. यात राग नाही, सूड नाही, भीतीचा थंड हिशोब आहे. आणि बायकामुलांचं बघेन हे तो खोटं बोलत नसणार, असं मला वाटतं, कारण छन गोंगच्या बाबतीत त्याने ते खरं करून दाखवलं. छन गोंग पुढे त्याच्या शत्रूकडे गेला, पकडला गेला, त्साओ त्साओने विचारलं तुझ्या म्हाताऱ्या आईचं काय, तो म्हणाला ते तुमच्यावर आहे, मला मारा, आणि मागे न बघता चालत गेला. त्साओ त्साओ रडला, आणि त्याच्या घरच्यांना राजधानीत नेऊन सांभाळायची व्यवस्था केली. रडणं खरं होतं का? माझं मत आहे की होतं. त्या रात्री जागून आपल्याकडे बघणारा एकमेव माणूस चालला होता.

मग तो वर जात राहतो आणि इथून कादंबरी अंगावर येते. वर गेल्यावर भीती कमी व्हायला पाहिजे ना? शत्रू संपले, सम्राट मुठीत, फौज आपली. पण होतं उलटं. शून यू नावाचा सल्लागार, ज्याने वीस वर्षं त्याला घडवलं, तो २१२ मध्ये फक्त एवढं म्हणतो की तुम्ही ही नवीन पदवी घेऊ नये. त्साओ त्साओ त्याच्याकडे जेवणाचा डबा पाठवतो, वर स्वतःच्या हाताने लिहिलेलं सील. उघडतो तर आत काहीच नाही. शून यू समजतो आणि विष घेतो. ज्या माणसाने विरोध करणाऱ्यांना बक्षिसं दिली होती त्याने पाच वर्षांत आपल्या सगळ्यात जुन्या माणसाला रिकामा डबा पाठवला.

झोपेचा किस्सा तर याहून वाईट. तो नोकरांना सांगून ठेवतो की मी झोपेत माणसं मारतो, जवळ येऊ नका. एक दिवस पांघरूण खाली पडतं, एक नोकर उचलून घालायला जातो, त्साओ त्साओ उठून त्याला कापतो आणि परत झोपतो, मग जागा झाल्यावर विचारतो अरे याला कुणी मारलं, आणि रडतो. अंत्यविधीच्या वेळी यांग श्यू नावाचा हुशार कारकून मेलेल्याकडे बोट दाखवून म्हणतो, झोपेत आमचे साहेब नव्हते रे, झोपेत तू होतास. पुढे यांग श्यूही जातो, २१९ मध्ये, एका परवलीच्या शब्दाचा अर्थ साहेबांच्या आधी ओळखला म्हणून. आणि मरायच्या आधी कादंबरीतला त्साओ त्साओ हुकूम सोडतो की माझ्या ७२ खोट्या कबरी बांधा, म्हणजे खरी कुणाला सापडू नये. (२००९ मध्ये चिनी संशोधकांनी हनान प्रांतात आन्यांगजवळ एक थडगं त्याचं म्हणून जाहीर केलं, पण ७२ कबरींची गोष्ट ही दंतकथाच.) एका बांधलेल्या डुकरापासून सुरू झालेला संशय मेल्यावरही सुटला नाही, याच्याहून स्पष्ट लेखक अजून काय सांगणार.

आता ल्यू बेईकडे येऊ, कारण कादंबरीत चांगला माणूस म्हणून तोच उभा आहे. चपला आणि चटया विणून विकणारा, राजघराण्याशी लांबचं नातं सांगणारा. त्याने स्वतःच एकदा सांगितलंय की त्साओ त्साओ घाईचा तर मी संथ, तो कठोर तर मी दयाळू, मी कायम त्याच्या उलट वागतो म्हणून माझं काम होतं. हे वाक्य लोक त्याच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून देतात, मला ते वाचून जरा थंडी वाजली, कारण याचा अर्थ त्याचा चांगुलपणा हा त्याचा प्लॅन पण आहे. २१ व्या प्रकरणात तो त्साओ त्साओकडे आश्रित असताना नुसता भाजीपाला लावत बसतो, म्हणजे याला काही महत्त्वाकांक्षा नाही असं वाटावं. त्साओ त्साओ त्याला आलुबुखारे आणि दारू घेऊन बसवतो आणि विचारतो आजच्या काळात खरे वीर कोण, आणि मग बोट दाखवून म्हणतो, फक्त तू आणि मी. ल्यू बेईच्या हातातल्या चॉपस्टिक्स गळून पडतात. नशिबाने त्याच क्षणी वीज कडाडते आणि तो म्हणतो विजेला घाबरलो. स्तुती ऐकून घाबरलेला माणूस आहे हा. आपल्याला ओळखलं गेलं याची भीती.

आणि मग तो यीझोऊ प्रांत घेतो, २१४ मध्ये. तिथला ल्यू झांग त्याच्याच कुळातला, त्यानेच याला मदतीला बोलावलेलं. ल्यू बेई बराच काळ नको नको म्हणतो आणि शेवटी घेतो. वाटेत एक खिंड जिंकल्यावर पार्टी होते, तो दारू पिऊन सल्लागार पांग तोंगला विचारतो, मजा आली की नाही? पांग तोंग म्हणतो दुसऱ्याचा मुलूख घेऊन आनंद करणं हे सज्जनाचं काम नाही. ल्यू बेई भडकून त्याला हाकलतो. मध्यरात्री नशा उतरते, चूक कळते, आणि सकाळी स्वतः माफी मागतो. मला अख्ख्या कादंबरीत ल्यू बेई सगळ्यात खरा इथे वाटतो, नशेत जे बाहेर आलं ते पण त्याचंच होतं आणि सकाळची माफी पण त्याचीच.

त्याचा मोठा सल्लागार झुगे ल्यांग, त्याच्याबद्दल एकच सांगतो. ल्यू बेई २२३ मध्ये मरताना त्याला म्हणतो, माझा मुलगा लायक असला तर त्याला साथ दे, नसला तर तूच राज्य घे. झुगे ल्यांग डोकं रक्ताळेपर्यंत जमिनीवर आपटतो. हा विश्वास होता की बेडी, यावर वाचक कायम भांडत आलेत, आणि मला दोन्ही खरं वाटतं. पुढची अकरा वर्षं तो एकटा सगळं ओढतो, वीस फटक्यांच्या वरची प्रत्येक शिक्षा स्वतः तपासतो. एक जण समजावतो की घरात नांगरणारा वेगळा आणि स्वयंपाक करणारी वेगळी, मालकच सगळं करायला लागला तर थकून जाईल. झुगे ल्यांग डोळ्यात पाणी आणून म्हणतो, मला कळतं, पण दुसरा कुणी माझ्याइतकं मन लावून करणार नाही अशी भीती वाटते. २३४ मध्ये छावणीतच मरतो, चौपन्नाव्या वर्षी. सत्तेचा मोह याला शिवलाही नाही, पण भीतीने यालाही सोडलं नाही, फक्त तिचं नाव इथे जबाबदारी होतं.

आणि या सगळ्यांना पुरून उरला तो सिमा यी. वेईचाच सेनापती. तरुण मंत्री त्साओ शुआंगने त्याला बाजूला टाकलं तेव्हा तो आजाराचं नाटक करतो, भेटायला आलेल्या माणसासमोर एका प्रांताचं नाव दुसरंच ऐकतो, पेज पिताना अंगावर सांडतो. त्साओ शुआंग निर्धास्त होतो आणि २४९ मध्ये शिकारीला बाहेर पडतो, मागे सिमा यी शहराचे दरवाजे बंद करतो. त्साओ शुआंगच्या ताब्यात तेव्हा सम्राट होता, फौज बोलावता आली असती. तो रात्रभर विचार करतो आणि तलवार टाकून म्हणतो, मला पद नको, श्रीमंत माणूस म्हणून घरी बसू द्या एवढं पुरे. काही दिवसांत तो आणि त्याचं सगळं कुळ मारलं गेलं. अख्ख्या पुस्तकात ज्याला पुरेशी भीती वाटली नाही असा हाच एक.

त्साओ त्साओच्या मुलाने, त्साओ पीने, २२० मध्ये सम्राट श्यानकडून गादी घेतली होती. चौथरा बांधून, सगळ्यांसमोर, सम्राट स्वतः राजीखुशीने देतोय असा देखावा करून. पंचेचाळीस वर्षांनी सिमा यीचा नातू सिमा यान त्साओ घराण्याच्या शेवटच्या सम्राटासमोर, त्साओ ह्वानसमोर उभा राहतो आणि तसाच चौथरा पुन्हा उभारायला लावतो. एक दरबारी विरोध करतो तेव्हा सिमा यान म्हणतो, हे राज्य तुमच्या घराण्याने हान घराण्याकडून लाटलं, मी तर त्यांचा सूड घेतोय. त्या दरबाऱ्याला तिथेच सोट्यांनी मारतात. त्साओ ह्वान राजमुद्रा हातात धरून चौथऱ्यावर उभा राहतो, ती देतो, खाली उतरतो. त्याला जी पदवी मिळते ती असते ‘चेनल्यूचा राजा’, बरोबर तीच जी डोंग झुओने गादीवर बसवायच्या आधी त्या लहान सम्राट श्यानकडे होती.

त्याला शहराबाहेर धाडायच्या वेळी गर्दीतून एक म्हातारा पुढे येतो आणि त्याच्या पाया पडून रडतो. हा सिमा फू, सिमा यीचा सख्खा भाऊ, नव्या सम्राटाच्या आजोबांचा धाकटा भाऊ. तो म्हणतो मी वेईचा चाकर आहे आणि शेवटपर्यंत वेईशी फितूर होणार नाही. सिमा यान त्याला तिथल्या तिथे राजाची पदवी देऊ करतो. म्हातारा ती घेत नाही आणि मागे सरून निघून जातो.